इंजिनाची नाडी

सोमवार, ७ ऑक्टोबर
लेकीचे सासू-सासरे रविवारी येणार, नक्की. फोनवर मी सांगूनही टाकलं, की आपल्या मोटरबोटीतून तलावापलीकडे नेतो. बायकोने कपाळावर हात मारला. इंजिन जुनं आहे, टू-स्ट्रोक आहे, अधूनमधून रुसतं, कबूल. म्हणून काय झालं? बायको म्हणाली, रविवारी चाललं तर घरी राहील, नाहीतर भंगारात. व्याह्यांसमोर शोभा नको. मी लगेच मान्य केलं. हरायचा प्रश्नच कुठे येतो?

संकल्प : रोज संध्याकाळी इंजिन. चिडायचं नाही.

ता. क. पॅसेजमध्ये इंजिनाची सुटी टाकी ठेवली की पेट्रोलचा वास येतो, ही बायकोची जुनी कटकट. टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक बारीक स्क्रू असतो. तो पक्कडीने गच्च आवळला. वास गायब. घरातले प्रश्न असे चुटकीसरशी सोडवायचे असतात.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
ट्रायल. दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्याला सुरू! तलावाच्या मध्यावर गेलो. घुर्र, फट्, बंद. टाकीत पेट्रोल भरपूर. वल्ही मारत परत आलो. धक्क्यावरच्या चौकीदाराने विचारलं, बंद पडलं का? मी म्हटलं, छे, व्यायाम करतोय. त्याने मान हलवली. पटलेलं दिसलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर
निदान पक्कं : कार्बोरेटरमध्ये कचरा. डायनिंग टेबलावर पेपर पसरून सगळा खोलला. बारीक भोकं साफ करायला टूथब्रश उत्तम. बायकोचा होता, पण जुना. (नवा निघाला. कालच आणला होता म्हणे. जेवताना अबोला.)

परत जोडल्यावर एक स्प्रिंग उरली. कंपनीने जास्तीची दिली असावी.

गुरुवार, १० ऑक्टोबर
स्प्रिंग जास्तीची नव्हती. सकाळी पुन्हा खोलला, बसवली. याला अनुभव म्हणतात.

संध्याकाळी ट्रायल. पुन्हा मध्यावर बंद. पाइपातला रबरी पंप दाबायला गेलो तर तो चपटा होऊन बसलेला, फुगायचं नाव नाही. पेट्रोल बघायला झाकण उघडलं, तर टाकीने फुस्स करून मोठ्ठा श्वास घेतला. झाकण लावलं, दोरी ओढली, इंजिन सुरू! थोडं पुढे गेलो, पुन्हा बंद. पुन्हा झाकण, पुन्हा फुस्स, पुन्हा सुरू.

दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. मला इंजिनाची नाडी कळते. वय झालंय बिचाऱ्याचं, त्याला मधूनमधून विश्रांती हवी. झाकण उघडण्याचा काही संबंध नाही, तेवढ्या वेळात त्याची डुलकी होते.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
नवा पाइप. नवा रबरी पंप. फ्युएल फिल्टरही नवा. विश्रांती म्हणून इंजिनाला दिवसभर हात लावला नाही. तरी मध्यावर बंद!! म्हणजे पेट्रोलच भेसळीचं. पंपावर जाऊन त्या माणसाला चांगलं सुनावलं. तो म्हणाला, साहेब, गाड्या चालतायत की सगळ्यांच्या. उद्धट.

हात इतके भरून आलेत, की पेन धरवत नाही. चिडलो नाही. फक्त इंजिनाला एक लाथ मारली. अंगठा सुजलाय.

शनिवार, १२ ऑक्टोबर
शेवटची ट्रायल. बायको सोबत आली. मदतीला नव्हे, भंगारवाल्याला काय सांगायचं ते बघायला. मध्यावर बंद. माझा अंगठा दुखत असल्याने वल्ही तिने घेतली. वल्हवता वल्हवता टाकीकडे बघून म्हणाली, अहो, ही पोट आत ओढल्यासारखी का दिसतेय? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येतं का? हवा जायला दुसरं नको? आणि वाकून झाकणावरचा स्क्रू सैल केला.

फुस्स.

त्यानंतर इंजिन थांबलं म्हणून नाही! या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. मी नेमकं हेच सांगणार होतो, ती मध्ये बोलली. स्क्रू कोणी आवळला होता, असंही तिने विचारलं. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

उद्यासाठी नवं पेट्रोल. त्यात मिसळायचं ऑइल मात्र दुप्पट घातलं. व्याही येणार, हात आखडता कशाला?

रविवार, १३ ऑक्टोबर, संध्याकाळ
चाललं! एकदाही बंद पडलं नाही. मी तलावाची सगळी माहिती घसा फोडून सांगितली. कोणाला एक अक्षर ऐकू गेलं नाही. पांढरा धूर असा सुटला, की विहीणबाई दिसेनाशा झाल्या. अधूनमधून खोकला यायचा, त्यावरून त्या बोटीतच आहेत हे कळत होतं.

मध्यावर व्याह्यांनी दोन्ही हात जोडले. मला वाटलं, कौतुक. ते ओरडून सांगत होते, कृपा करून हे बंद करा. आठवडाभर जे चालू राहावं म्हणून जिवाचं रान केलं, ते मी स्वतःच्या हाताने बंद केलं. फार वाईट वाटलं.

मग विहीणबाईंनी बाह्या सरसावल्या. एक वल्हं त्यांनी घेतलं, एक बायकोने. गप्पा काय, हसणं काय! पलीकडे पोचेपर्यंत दोघी एकमेकींना नावाने हाक मारायला लागल्या. व्याही म्हणाले, इतकी शांतता किती वर्षांनी ऐकली.

पुढच्या रविवारी पुन्हा जायचं ठरलंय. फक्त वल्ही. बोटीत चौघांचीच जागा, आणि विहीणबाईंच्या बहिणीलाही यायचंय.

बायको शब्दाची पक्की. इंजिन चाललं, म्हणून घरी राहणार. मीही.