टीव्हीखालच्या डब्यातली हाक

प्रिय दादा,

आज आईने भात दुसऱ्यांदा मागून घेतला. ताटातलं वरण बोटाने पुसून खाल्लं आणि हात धुता धुता म्हणाली, "सुमे, त्याले लिही. जेवली म्हनाव."

मी म्हटलं, "लिहून पाठवू कुठे?"

"तू लिही त खरं. वाचते तो."

म्हणून लिहायला बसले. आईने सांगितलं हे एक कारण. दुसरं असं की या दिवसांत इथे सानगडीत जे घडलं ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता येण्यासारखं नाही. दुपारचं ऊन समोरच्या खोलीत आलं आहे. तुझा डबा टीव्हीखाली आहे, आणि मी त्याच्याकडे तोंड करून बसले आहे. आठवडाभरापूर्वी हे माझ्याने झालं नसतं.

किती कौतुक होतं तुला त्या डब्याचं! मिठाईच्या खोक्याएवढा तर कॉम्प्युटर. साकोलीच्या दुकानात पंकजच्या जोडीने लोकांचे टीव्ही दुरुस्त करता करता तू एकेक भाग जमवलास आणि स्वतःच्या हाताने तो बांधलास. आत पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. पुढे एक निळा दिवा, मागे टीव्हीला जाणारी वायर, दोन बाजूंना सागाच्या फळ्यांचे तूच केलेले स्पीकर. "सुमे, घरची टाकीज बनवली!" असं फोनवर ओरडला होतास. मागून आई विचारत होती, "एवढासा डबा टाकीज कसा होईन रे?"

तिचे डोळे तोवर काचबिंदूने जवळजवळ गेलेच होते. ती म्हणाली होती, "मले दिसत नाही त कायले पाहू?" आणि तू म्हणालास, "दिसत नाही त आयक."

तिला रिमोटवरची बटणं सापडत नसत. म्हणून तू डबा असा लावून ठेवलास की दिवाबत्तीच्या वेळेला तो आपोआप सुरू व्हावा आणि आत साठवलेल्यातलं काहीही एक लावावं. गावातल्या दंडारीची नाचगाणी, धानकापणीनंतरची नाटकं, माझं लग्न, मंदिरातली भजनं. सगळं तूच मोबाइलवर टिपलेलं.

एक मात्र चुकलंच तुझं. तो सुरू कसा होतो हे तू येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवलंस. थांबवायचा कसा, हे कुणालाच सांगितलं नाहीस!

आणि मग थंडीतल्या त्या सुटीच्या दिवशी तू डोंगा घेऊन तलावातलं जाळं काढायला गेलास. का गेलास रे? बाबा गेल्यापासून मासे धरणं तू हौसेपुरतंच ठेवलं होतंस. तलावही काही परका नव्हता. लहानपणी त्याच डोंग्यातून आपण दोघांनी शिंगाडे काढले होते, काट्यांनी बोटं रक्ताळली तरी हसत होतो. डोंगा उलटा सापडला. तू त्यानंतर सापडलास. आईला दिसत नव्हतं, म्हणून तिने तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "थंडा झाला. याले काहीतरी पांघरून द्या." तेवढंच. ती रडली नाही. अजूनही रडलेली नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आमचे हे भंडाऱ्याला परतले. मी आईजवळ राहिले. त्या संध्याकाळी देवाजवळ दिवा लावत होते आणि मागून तुझा खोकला ऐकू आला.

हातातली काडी बोट भाजेपर्यंत तशीच जळत राहिली. मग ढोलकी वाजली, लोक हसले, आणि माझ्या लक्षात आलं की डबा सुरू झाला आहे. दंडारीचा व्हिडिओ होता. टिपताना मोबाइलच्या मागे तू खोकला होतास, इतकंच. पाहुण्यांच्या गर्दीत कुणीतरी त्याचं भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. ते परत कुणी लावलं, मी विचारलं नाही. आईला काय दिसतं, आणि घरात तिसरं होतं तरी कोण?

रोज संध्याकाळी आई टीव्हीसमोरच्या खाटेवर बसायची. मला वाटलं, बरं झालं, मन रमतंय. पण ती भलत्याच जागी हसायची. नाटकात कुणी मरत असताना तिच्या चेहऱ्यावर हसू! काही संध्याकाळी बारकाईने ऐकलं तेव्हा मला कळलं. नाटकाशी तिला देणंघेणं नव्हतं. ती मोबाइलच्या मागचा तुझा श्वास ऐकत होती. तू कुणाला तरी "जरा सरक ना बापा" म्हणालास की ती मान हलवायची.

पुढे डबा एकच व्हिडिओ लावायला लागला. दंडार नाही, लग्न नाही, रोज तोच एक.

शिंगाडे काढायच्या दिवसांतला तो व्हिडिओ. तू डोंग्यात, पाण्यावर. आई तलावाच्या पायऱ्यांवर उभी, चेहऱ्यावर कलत्या उन्हाचा उजेड. तुला तिचा चेहरा नीट यायला हवा होता, म्हणून पाण्यावरून तू सांगत होतास, "आई, अजून एक पायरी. पुढं ये. भिऊ नोको, मी आहो ना. पुढं ये." आई पाय चाचपत एक पायरी उतरते. "अजून. पुढं ये." आणि तिथे चित्र थिजायचं. आईचा एक पाय उचललेला, तोंड पाण्याकडे. मग व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून.

मी पंकजला फोन करून बोलावलं. बिचारा सगळं काम सोडून आला. बराच वेळ डब्याशी खटपट करून म्हणाला, "ताई, सारे व्हिडिओ जागेवर हायेत. यानं कोनताही लावाले पायजे. हा एकच काहून लावून राहिला, मले समजत नाही." तो व्हिडिओ शेवटाकडे खराब झाला आहे, त्याच्या पुढचा भाग उघडत नाही, एवढं त्याला दिसलं. व्हिडिओ तेवढे ठेवून त्याने बाकी सगळं पुसून नव्याने लावून दिलं. त्या संध्याकाळी डबा सुरू झाला आणि सागाच्या फळ्यांमधून तुझा आवाज आला. "आई, अजून एक पायरी."

आई तुला उत्तरं द्यायला लागली, दादा. आधी नुसतं "हो." मग "आली रे." मग तिचे पाय हलायला लागले. खाटेवर बसल्या बसल्या ती जमिनीवर पाऊल पुढे टाकायची, पायरी चाचपल्यासारखं. मी ताट आणलं की म्हणायची, "ठेव तिकडं. तो बोलावून राहिला ना, मंग कसी जेवू?" आधी रात्रीचं जेवण सुटलं, मग दुपारचंही. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी तिच्यावर ओरडले, तिच्या पाया पडले. तिचं एकच, "आयकू दे वो."

राग आला मला तुझा! जिवंतपणी ज्या आईला तू एकटीला दारापर्यंत जाऊ दिलं नाहीस, तिला आता हे कुठे बोलावत होतास?

एका सकाळी मी डब्याची वायर उपटली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. पर्स कपाटात, किल्ली कमरेला. आईला काही बोलले नाही.

संध्याकाळ झाली. टीव्ही काळा, डब्यावर निळा दिवा नाही. आई नेहमीसारखी खाटेवर येऊन बसली. मी कपड्यांच्या घड्या करत होते. खोली इतकी शांत होती की बाहेर कोंबड्या खुराड्यात शिरतानाचा आवाज येत होता. आणि आईने मान वर केली, चेहरा टीव्हीकडे वळवला, म्हणाली, "आली रे."

मी म्हटलं, "आई, तो बंद हाये."

ती माझ्याकडे वळून हसली. जसं लहान पोरीकडे पाहून हसतात तसं.

मला तिथे बसवेना. शेजारच्या काकूंकडून दूध आणायचं निमित्त करून बाहेर पडले. कितीसा वेळ लागला असेल? परत आले तर खाट रिकामी. तिची काठी भिंतीला तशीच टेकलेली. काठीशिवाय ती न्हाणीपर्यंत जात नाही! मी हाका मारल्या, मागचं अंगण पाहिलं, आणि मग मला कळलं की मी उगाच वेळ घालवते आहे. ती कुठे गेली ते मला ठाऊक होतं.

मी पायात काही न घालता तलावाकडे पळत सुटले.

ती पायऱ्यांवर होती. सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीच्याही खाली. पाणी गुडघ्यापर्यंत, लुगड्याचा काठ पाण्यावर तरंगत होता. एक हात पुढे केलेला, तळवा वर, जसा कुणीतरी आत्ताच तिच्या हातातून हात सोडवून घेतला असावा. मी जवळ जाईपर्यंत ती हलली नाही. मागे वळलीही नाही.

"आली का सुमी?" तिने विचारलं. माझ्या पायांचा आवाज होईल असं काहीच नव्हतं, दादा. मी अनवाणी होते आणि श्वास धरून उतरत होते.

"आई, काहून आली इथं? एकटी काहून आली?"

"त्यानं बोलावलं. मंग म्हने, थांब. सुमी येऊन राहिली."

मी तिला दोन्ही हातांनी धरलं. आणि तेव्हा मी पाण्याकडे पाहिलं. वारा पडलेला होता. सगळा तलाव ताटासारखा सपाट. फक्त आईच्या पुढून पाण्यावर एक रेघ निघाली होती, डोंगा नुकताच काठ सोडून गेला की उमटते तशी, दोन्ही बाजूंना पसरत जाणारी. ती आत गेली, शिंगाड्याच्या वेलांपर्यंत, आणि विरली. तलावावर एकही डोंगा नव्हता.

घरी आल्यावर आईचे पाय पुसले, तिला पांघरूण घातलं आणि मी डब्यावर हात ठेवून पाहिला. थंडगार होता. खरं सांगू? तो गरम असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पंकज डबा साकोलीला घेऊन गेला. म्हणाला, "ताई, पुसून टाकत नाही. खराब झालेला भाग सुधारते का पाहतो. भाऊचं काम हाये, असं अर्धं कसं ठेवू?"

आज सकाळी तो डबा घेऊन आला. टीव्हीला वायर लावली, पण सुरू करायला त्याचा हात होईना. "मी दुकानात नाही आयकलं," म्हणाला, "तुमच्यासमोरच लावतो." आई खाटेवर, मी तिच्याजवळ. तलाव दिसला, पायऱ्या दिसल्या, आईच्या चेहऱ्यावरचा तो उजेड. "पुढं ये. अजून. पुढं ये." आणि या वेळी चित्र थिजलं नाही. आईने उचललेलं पाऊल खाली टेकलं आणि तुझा आवाज आला, अगदी हळू:

"बस. थांब आई. तिथंच थांब. सुमी येऊन राहिली, तिचा हात धर."

मग पाण्याची चुबुकचुबुक, आणि संपलं.

पंकज माझ्याकडे वळला. "ताई, तुमी तवा इथं होत्या का?"

मी नव्हते. शिंगाड्यांच्या त्या दिवसांत मी भंडाऱ्यात होते, सासूबाईंचं ऑपरेशन होतं, गावी यायचा प्रश्नच नव्हता. हे तुला पक्कं ठाऊक होतं. तूच तर रोज फोन करून त्यांची तब्येत विचारत होतास!

मी आईला विचारलं, "त्या दिवशी दादा असं म्हनला होता का वो? सुमी येऊन राहिली म्हनून?"

"त्या दिवशी?" आईला नवल वाटलं. "त्या दिवशी त काहीच नाही म्हनला. डोंग्यातून उतरला, हासला, मंग आमी घरी आलो."

"मंग हे कवाचं?"

"हे त परवाचं," आई म्हणाली, इतक्या सहज, जसं दुधाचं भांडं कुठे ठेवलं ते सांगावं. "मले भूक लागली. वाढ."

पंकजचा चहा तसाच राहिला. जाताना तो डब्याला नमस्कार करून गेला.

तर दादा, ती जेवली. तुला कळवायला सांगितलं होतं, कळवलं. मी तुला विचारणार होते ते मात्र लिहिताना बदललं. हे कसं झालं, असं आता विचारत नाही. एवढंच विचारते, की तिला पाण्यात बोलावणारा तूच होतास, आणि थांबवणाराही तूच होतास ना? की बोलावणारं दुसरं कुणी होतं आणि तू मध्ये पडलास? मला हे दुसरं खरं वाटायला हवं आहे. तिथे तुला एकटं वाटतं असंही असेल. तसं असेल तर मी रागावणार नाही रे.

होळी झाली की आई माझ्याकडे भंडाऱ्याला यायला तयार झाली आहे. अट एकच, डबा बरोबर न्यायचा. मी हो म्हटलं. आमच्या घरापासून वैनगंगा फार लांब नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. तुला सांगायची गरज नसावी.

म्हणून हे वचन, तुला आणि तुझ्याजवळ जे कुणी असेल त्यालाही. डब्याची वायर मी पुन्हा कधी काढणार नाही. रोज दिवाबत्तीला आईला लागून बसेन, तुझा खोकला, तुझं "सरक ना बापा" तिच्याबरोबर ऐकेन. तू थांब म्हणालास की आम्ही दोघी थांबू. पण कधी त्या सागाच्या फळ्यांतून पुन्हा "पुढं ये" ऐकू आलं, तर समजून घे. तिचा हात माझ्या हातात असेल, आणि मी तो सोडणार नाही. पलीकडून तू ओढलास तरी नाही.

तुझीच, पण आता आईकडची,
सुमी