कोळंबी न खाल्ल्याचा दाखला

ती. शेगुलाताईस,

पावसहून धाकट्या एझ्राचा शालोम आणि साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे साष्टांग कागदावरच). तुझी कंबर कशी आहे? अश्दोदच्या वाळूत फार चालू नकोस.

तू लिहिलंस, एकटा काय करतोस, कागद कर नि इकडे इस्रायलला ये. कागद म्हणजे मी ज्यू असल्याचा पुरावा. (पासष्ट वर्षांत मला स्वतःला कधी संशय आला नव्हता.) मुंबईची कचेरी म्हणाली, आपल्यातले दोन साक्षीदार आणा. इथं आपल्यातला मीच उरलोय; बाकीचे तिकडे तुमच्याकडे, नाहीतर टेकडीवरच्या कबरस्तानात, नि त्यांच्या सह्या चालत नाहीत. मग म्हणे, गावचा दाखला तरी आणा.

ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक दीपक नवा, घाटावरचा. त्याच्या कॉम्प्युटरात आपण नव्हतोच. त्यानं मला आधी पारशी केलं, मग ख्रिश्चन, शेवटी 'इतर'वर ठेवून चहा मागवला. आपले बेने इस्रायल पूर्वज गलबत फुटून या किनाऱ्याला लागले, तेल गाळू लागले, शनिवारी शब्बाथचा घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, हे सगळं सांगितलं. ऐकून म्हणाला, मग तेली टाकू का?

तेवढ्यात आपली मासेवाली यमुनाबाई घरपट्टी भरायला आली. खुर्चीत बसून तिनं साक्ष दिली, "चाळीस वर्षं याच्या दारात मासळी देत्ये. कोळंबी नाय, कुर्ली नाय, खवलं नसलेला मासा उंबऱ्याच्या आत गेला नाय. या किनाऱ्यावर कोळंबी सोडणारा माणूस इस्रायलच असणार. लिही."

त्यानं लिहिलं. 'अर्जदार कोळंबी खात नाहीत, सबब ज्यू.' खाली शिक्का नि तिचा अंगठा.

मी मान खाली घातली. माझी रिबका गेली त्या वर्षी हातखंब्याला एका खानावळीत मी कोळंबीभात खाल्लाय. चव बरी होती. पण घरी आल्यावर रागवायला कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा नाही खाल्ला.

बाकी क्षेम. कलमं मोहरलीत.

तुझा
एझ्रा

ता. क. दाखला मुंबईला पाठवलेला नाही. रिबकाच्या कबरीवरचं गवत कोण काढणार, असं सगळ्यांना सांगतो. (विमानाची भीतीही वाटते.)

आणखी एक. शुक्रवारी संध्याकाळी माझी शब्बाथचा दिवा लावायची वेळ होते तेव्हा तुझ्याकडे दुपारच असते. त्याच्या पाच मिनिटं आधी फोन करत जा. बोलायला काही नसलं तरी चालेल. दोन वर्षं मी 'शब्बाथ शालोम' भिंतीला म्हणतोय. आधी मी म्हणेन, मग तू म्हण.