सगळ्यांना सोकोरोचं माप

प्रति,
मा. लोकतक्रार अधिकारी,
वार्झेआ प्रादेशिक शिक्षण रुग्णालय,
वार्झेआ दो अल्गोदांव, पाराइबा राज्य, ब्राझील.

अर्जदार : श्रीमती लिंडाल्वा परेरा, वय ५१, धंदा हातमागावर निजायच्या झोळ्या विणणे, राहणार चर्चमागची आळी, वरील गाव.

विषय : शनिवार, दि. १८ मे रोजीच्या शस्त्रक्रिया शिबिरात अर्जदाराच्या छातीतील जुने कृत्रिम स्तन काढून नवे बसवताना माप ३२५ ऐवजी २१० ठेवणेबाबत, व ते स्नायूच्या खाली न बसवता वर बसवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, जो आपल्याकडे कौतुक म्हणून नोंदला गेला.
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज, जो खाटांविषयीची सूचना म्हणून नोंदला गेला.

महोदया,

१. अर्जदार सविनय सादर करते की, पहिल्या अर्जाच्या सुरुवातीला तिने रक्त काढणाऱ्या परिचारिकेचे आभार मानले होते. एकदम तक्रारीला हात घालणे बरे दिसत नाही, म्हणून. आपल्या कचेरीने तेवढेच वाचून अर्ज 'कौतुक' या खान्यात टाकला आणि परिचारिकेच्या फोटोसह छापील पत्र पाठवले. दुसऱ्या अर्जात 'ठरवलेला आकार अर्जदाराला फार मोठा होतो' असे वाक्य होते. त्यावर 'रुग्णालयातील सर्व खाटा प्रमाणित आकाराच्या आहेत' असे उत्तर आले. म्हणून या खेपेला अर्जदार कुणाचेही आभार मानत नाही आणि जिन्नसाचे नाव वर विषयातच घातले आहे.

२. अर्जदाराच्या छातीत गेली एकोणीस वर्षे ३२५ मिलिलिटर मापाचे कृत्रिम स्तन आहेत. उजवा अजून बरा आहे. डावा दोन वर्षांपासून आकसत जाऊन कच्च्या पेरूसारखा टणक झाला आहे आणि काखेकडे सरकला आहे. आमच्याकडे कुणी भेटले की छातीशी धरण्याची रीत आहे. अर्जदार हल्ली सगळ्यांना उजव्या बाजूने भेटते. लोकांना वाटते, बाईला गर्व झाला. नातीला मांडीवर घेतले तर ती डोके टेकवते आणि उचलते, म्हणते, "आजी, तुझी ही बाजू झोपू देत नाही." तेव्हा काढून नवे बसवणे गरजेचे आहे, याबद्दल अर्जदार व रुग्णालय यांच्यात मतभेद नाही. मतभेद पुढे आहेत.

३. हे ३२५ आले कुठून, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. एकोणीस वर्षांपूर्वी मागावरच्या अकरा बायकांनी छातीची भिशी लावली. दरमहा वर्गणी, दरमहा एक चिठ्ठी, जिची निघेल तिने त्या महिन्यात शहरातल्या खाजगी डॉक्टरकडे जायचे. लोक मोटारसायकलीची लावतात, शिवणयंत्राची लावतात, आम्ही ही लावली. पहिली चिठ्ठी दोना सोकोरो यांची निघाली. त्या अंगाने रुंद, खांद्याने पुरुषासारख्या. त्यांना ३२५ बसले आणि शोभले. दुसरी गेली ती डॉक्टरांना म्हणाली, "सोकोरोसारखं करा." तिसरीही तेच म्हणाली. मग तो नियमच झाला. वर्गणी सारखी, तर माल सारखा. मोठे घेतले तर तिने जास्त लाटले असे होणार, लहान घेतले तर बाकीच्यांना नावे ठेवल्यासारखे होणार. अर्जदाराची चिठ्ठी नववी निघाली. अर्जदार उंच, अंगाने काठी, छाती दरवाजाच्या फळीएवढी अरुंद. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा तिच्यामागे बाकावर बसलेल्या आठजणींकडे पाहिले व तेच माप घातले. तेव्हापासून अर्जदार स्वतःच्या आधी अर्धे पाऊल दारातून आत शिरते.

४. आता महोदया, सगळ्यांचेच जुने होऊन बिघडू लागल्याने रुग्णालयाने आम्हा अकराजणींना एकाच शिबिरात घ्यायचे ठरवले, हे उत्तम. माप ठरवण्यासाठी मात्र विभागाने आमच्यातल्या कुणाच्या छातीला फीत लावली नाही. फाईली पाहिल्या. अकराच्या अकरा फाईलींत ३२५. त्यावरून 'या भागातील स्त्रियांची पसंती ३२५ आहे' असा निष्कर्ष निघाला, त्याचा तक्ता भिंतीवर लागला आणि त्या हिशेबाने सगळा माल एकाच मापाचा मागवला गेला. सरासरीही काढली आहे. ती ३२५ आली. येणारच. एका चुकीला अकराने गुणून अकराने भागले, तर चूक जिथल्या तिथेच राहते.

५. जागेबाबत. पूर्वीचे स्नायूच्या वर आहेत. आता सर्वांचे खाली जाणार. येथील निवासी डॉक्टर तायनारा यांनी एका दुपारी अर्जदारासमोर टेबलावर रुमाल पसरला आणि सांगितले, हा छातीचा स्नायू. बशी रुमालावर ठेवली तर वर, रुमालाखाली सरकवली तर खाली. खाली बसवले की गळ्याकडचा उतार छान दिसतो आणि पुन्हा टणक होण्याची शक्यता कमी. अर्जदाराने विचारले, "आणि रुमाल ओढला तर?" डॉक्टरांनी ओढला. बशी सरकली. डॉक्टरांनी ती पुन्हा जागेवर ठेवली. मग डॉक्टर म्हणाल्या, "ते होतं खरं. स्नायू आखडला की हेही वर उडतं. काहीजणींना चालतं. तुम्ही दिवसातून किती वेळा ओढता?" अर्जदार म्हणाली, "वेळा कोण मोजतं, डॉक्टर. झोळी संपेपर्यंत ओढते."

महोदया, मागाची फणी दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून ठोकावी लागते. प्रत्येक ठोक्याला छाती आखडते. प्रत्येक ठोक्याला काखेकडे उडी मारणारी छाती घेऊन अर्जदाराने आणखी दहा-पंधरा वर्षे कसे विणायचे, याचे उत्तर भिंतीवरच्या तक्त्यात नाही. विणणे थांबले तर अर्जदाराला दुसरे काही येत नाही. आणि खरे सांगायचे तर दुसरे काही आवडतही नाही.

६. मापाबाबत. अर्जदाराने अंदाजपंचे २१० लिहिलेले नाही. जुन्या मोज्यात तांदूळ भरून चोळीत घालून बघणे हे आमच्याकडे सगळ्याजणी करतात. अर्जदाराने ते चोळीत घालून विणूनही बघितले. आपल्या उपाहारगृहात कॉफी मिळते तोच साधा कंगोऱ्यांचा काचेचा ग्लास तिने माप म्हणून घेतला. दोन ग्लास तांदूळ फणीच्या दांड्याला आपटत होते. दीड ग्लासाने खांदा भरून आला. एक ग्लास घातला त्या दिवशी संध्याकाळी नवरा जेनिव्हाल जेवताना म्हणाला, "आज भात कमी का गं?" तेव्हा अर्जदाराला आठवले की उरलेला तांदूळ आपल्या अंगावर आहे. दिवसभर तो होता आणि दिवसभर ती विसरली होती. अर्जदाराच्या मते मापाची खूण हीच.

यात अर्जदाराचीही एक चूक झाली. ती एक ग्लास म्हणजे १९० असे धरून बसली होती, कारण ग्लासात पाणी तेवढे मावते. डॉ. तायनारा यांनी तिचे तांदूळ मापाच्या भांड्यात ओतले आणि म्हणाल्या, "दोना लिंडाल्वा, तुम्ही शीग लावून भरलाय. हे दोनशे दहा आहे." अर्जदाराला शीग लावूनच भरायची सवय आहे, कमी भरलेला ग्लास पाहुण्यापुढे ठेवता येत नाही. तेव्हा पहिल्या दोन्ही अर्जांतील १९० हा आकडा रद्द समजून २१० वाचावा.

७. विभागप्रमुख डॉ. ब्रागा फेरीला आले तेव्हा अर्जदाराने हे सर्व त्यांना सांगितले. सोबत विद्यार्थी होते, त्यामुळे ते मोठ्याने बोलले. "बाई, एकोणीस वर्षं ताणलेली कातडी आहे. एवढंसं घातलं तर लोंबेल."

अर्जदार म्हणाली, "लोंबू दे, डॉक्टरसाहेब."

"आणि वर बसवून पुन्हा टणक झालं तर?"

"तर पुन्हा येईन. तोवर माग तरी चालेल."

विद्यार्थी लिहून घेत होते. काय लिहीत होते, ते अर्जदाराला दिसले नाही. मग डॉक्टरसाहेब पिशवी धरून उभ्या असलेल्या जेनिव्हालकडे वळले. "आपलं काय मत?" जेनिव्हाल म्हणाला, "साहेब, मी माग दुरुस्त करतो. काय विणायचं ते विणणारीला विचारतात." अर्जदाराचे सव्वीस वर्षांचे लग्न त्या एका वाक्यावर आणखी काही वर्षे चालेल. पण डॉक्टरसाहेब हसले, त्यांनी अर्जदाराच्या खांद्यावर थोपटले आणि म्हणाले, "माल आलाय हो. एकीसाठी अख्खं शिबिर थोडंच थांबवणार?" अर्जदाराने शिबिर थांबवा असे म्हटले नव्हते. स्वतःच्या छातीपुरते बोलली होती.

कुणी असेही विचारले की, एवढा त्रास आहे तर काढूनच का टाकत नाही. याचे उत्तर आपण विचारले नाही तरी देते. एकोणीस वर्षे आरशात जी बाई भेटते तिच्याशी ओळख झाली आहे. तिला थोडे आवरते घ्यायला सांगता येते. एकदम घराबाहेर काढणे अर्जदाराच्या जिवावर येते.

८. अर्जदार अडून बसली ही बातमी मागावर पोचली तेव्हा फार बोलणी खावी लागली. दोना सोकोरो आता साठीच्या आहेत, अजून रोज माग चालवतात. त्या म्हणाल्या, "तुझी छाती काय फ्रान्सहून आलीय? आम्हाला चालतं ते तुला चालत नाही?" कुणी म्हणाले, ही आधीपासूनच तशी. कुणी म्हणाले, हिच्या अर्जांमुळे शिबिरच रद्द झाले तर आमच्या दगडांचे काय करायचे. हे शेवटचे अर्जदाराला लागले, कारण त्यात तथ्य आहे. आमच्यातल्या मारीनेस यांना रात्री कुशीवर वळता येत नाही; एदिलेउजा यांचा एक फुटल्याचा संशय आहे. म्हणून अर्जदाराने ठरवले होते की, हा अर्ज इथेच संपवावा आणि 'शक्य नसल्यास अर्जदाराचे नाव वगळून बाकीच्या दहाजणींचे शिबिर वेळेवर करावे' अशी विनंती करून सही करावी.

९. तसा तो संपलाही होता. काल दुपारी माग थांबवून सगळ्या बसल्या होत्या. दोना सोकोरो म्हणाल्या, "काय लिहिलंयस ते वाच तरी. आमची नावं घातली असशील तर आम्हाला कळू दे." अर्जदाराने पहिल्या मुद्द्यापासून वाचले. खाटांच्या उत्तराला हसल्या. सरासरीला हसल्या. तांदळाच्या मुद्द्यापासून कुणी हसेना. वाचून झाले तेव्हा दोना सोकोरो चुलीकडे तोंड करून कॉफी गाळत होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "मला तर नकोच होतं."

कुणाला काही कळले नाही. मग त्या वळल्या.

"पहिली चिठ्ठी माझी निघाली. तुम्ही सगळ्या टाळ्या वाजवत होतात. मागं कशी फिरणार? डॉक्टरने विचारलं, किती? मला काय ठाऊक. त्याच्या टेबलावर एक पडलं होतं, मी म्हटलं, हे घाला. नमुन्याचं होतं ते. तेच तुम्ही सगळ्यांनी घेतलंत."

महोदया, हे त्यांच्या परवानगीने लिहिले आहे. त्या म्हणाल्या, "लिही. माझं नाव घालून लिही. मला दोन्ही काढून हवीत, आणि परत काही नको."

त्यानंतर त्या दुपारी विणकाम झाले नाही. एकेक जण पाणी प्यायच्या निमित्ताने अर्जदाराच्या मागाशी येत होती. एक कानात आकडा सांगून गेली. दुसरी म्हणाली, "मला तेव्हाच मोठी हवी होती गं, हसू नकोस." अर्जदार हसली नाही. एकीने फक्त बोटाने मागाच्या फणीकडे दाखवले आणि मान हलवली. स्नायूचे तिलाही कळले होते. एक नुसतीच रडली आणि आकडा सांगायची राहिली. दोघींना खरोखर ३२५च हवे आहे, त्यांचेही चुकलेले नाही. ते आकडे अर्जदाराला पाठ आहेत. पण अर्जात घातलेले नाहीत, कारण एकोणीस वर्षांपूर्वी हीच चूक झाली: एकीचे दुसऱ्या कुणी तरी सांगितले.

१०. सबब, वर आठव्या मुद्द्यात करणार होती ती विनंती मागे घेऊन अर्जदार पुढीलप्रमाणे विनंती करते. अर्जदारास २१०, स्नायूच्या वर, दोन्ही बाजूंस. लोंबण्याचा व पुन्हा टणक होण्याचा धोका तिला समजावून सांगण्यात आला आहे, तो समजला आहे आणि मान्य आहे. दोना सोकोरो यांचे दोन्ही काढावेत. आणि बाकीच्या नऊजणींना शनिवारच्या आधी एक दिवस बोलावून, एकेकीला, एकटीला, दार बंद करून विचारावे. विद्यार्थी नकोत, तक्ता नको, आम्ही बाकीच्याही नकोत. डॉ. तायनारा असल्या तर बरे. त्या उत्तर ऐकेपर्यंत थांबतात. त्यासाठी माल बदलून यायला वेळ लागणार असेल, तर शिबिर तेवढे पुढे ढकलावे. एदिलेउजा यांना मात्र थांबवू नये, त्यांचे आधी करावे. हे सगळ्याजणींनी मिळून ठरवले आहे, आणि मिळून ठरवण्यासारखे एवढेच होते.

हा अर्ज तक्रार आहे. कौतुक नाही, खाटांविषयी नाही.

आपली नम्र, व बोलावाल त्या दिवशी उपाशीपोटी हजर राहणारी,

लिंडाल्वा परेरा
दि. ९ मे

सोबत : १) मोजा एक, त्यात शीग लावून एक ग्लास तांदूळ. शिजवू नये.
२) काचेचा ग्लास एक. काम झाल्यावर परत मिळावा. घरी कॉफीला तोच आहे.