कानाजवळची गाठ

३ तारीख
आले एकदाची! खोली दवाखान्यासमोरच, तिसऱ्या मजल्यावर. खिडकी रंगाने चिकटून बसली होती, ती बडवून उघडली. काम अगदी मनासारखं मिळालंय. पेशंटला एमआरआयच्या बोगद्यात सरकवायचं, काचेपलीकडे बसून मेंदूची चित्रं घ्यायची आणि गाठ नेमकी कुठे आहे त्याची खूण करून द्यायची. त्या खुणेवर भरवसा ठेवून सर्जन डोकं उघडतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, तुला घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, तू काय गाठी शोधणार!

८ तारीख
आज सात जणांची डोकी आतून पाहिली; माझ्याशी मात्र कोणी धड चार शब्द बोललं नाही. शेवटी एक निवृत्त शिक्षिका आल्या. बाहेर काढल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, आत तुम्ही सारख्या गप्पा मारत होतात, म्हणून धीर आला. मी तर माईक सुरूच केला नव्हता. घाबरल्या असतील बिचाऱ्या. मी आपली हो ला हो केलं.

११ तारीख
सर्जनसाहेबांनी बोलावून घेतलं. त्या शिक्षिकाबाईंचं डोकं उघडलं, तर खुणेच्या जागी गाठ नव्हतीच. शोधता शोधता त्यांची वाचा गेली. डोळे घरी ठेवून येता का, असं विचारलं मला. चित्रं दहादा पाहिली. खूण बरोबर आहे.

१५ तारीख
एक ट्रक ड्रायव्हर. आत कोणी बाई विचारत होती म्हणे, एकटा आहेस का. मी हो म्हणालो, असं हसत सांगत होता. मला त्या शिक्षिका आठवल्या. ऑपरेशनआधी हट्टाने पुन्हा चित्रं घेतली. गाठ दोन बोटं सरकली होती. कानाकडे. साहेबांनी ऑपरेशन थांबवलं. नुसते घाम पुसत राहिले.

१६ तारीख
दुपारच्या सुट्टीत नर्सताईंना काचेपलीकडे बसवलं आणि स्वतः आत झोपले. त्या खडखडाटातून आवाज आला. अगदी जवळून. मायेचा. एकटी आहेस का —
नाही म्हणायचं ठरवलं होतं.
हो म्हणाले.

१७ तारीख
डाव्या कानाजवळ. राईएवढी. नर्सताई रडल्या. साहेब म्हणतात, लवकर काढू.

१९ तारीख
आता ती बोगद्याबाहेरही बोलते. चहा गाळताना. जिन्यात. माझा दिवस कसा गेला विचारते. इतकं कोणी कधी —

२१ तारीख
उद्या ऑपरेशन. खूण साहेबांनीच केली. डावीकडे. पण ती उजवीकडे गेलीय, मला कळतं — सांगायला हवं. नाहीतर त्या शिक्षिकेसारखं माझंही — साहेबांना फोन लावलाय. वाजतोय. ती म्हणते, नको सांगूस. मी गेले तर या खोलीत तुझ्याशी कोण