जोएलचा पेनवाला फोन

दौंडहून शिरूरच्या गाडीला निघताना प्रिन्सीने आईसाठी चिठ्ठी लिहून चहाच्या डब्याखाली ठेवली.

"आई, जोएलदादाचा फोन घेऊन चाललेय. तो गेल्यापासून तू कपाटाबाहेर काढू दिला नाहीस, म्हणून विचारलं नाही. कंपनीतल्या नव्या मशिनी चीनच्या आहेत. त्यांच्यावरची चिनी अक्षरं लिहिता-वाचता आली तर मला कायम करतील. परीक्षा सोमवारी आहे आन् सरावाला वेळ मिळतो तो फक्त एसटीत. माझ्या फोनवर गिरवताना बोटाखाली अक्षरच झाकलं जातं. माझ्या मैत्रिणीचा, अंकिताचा टॅब उभ्यानं एका हातात पेलत न्हाई. दादाच्या फोनला पेन आहे. त्यातलं काही पुसणार नाही. भाकरी टोपलीत आहे, खाऊन घे. प्रिन्सी."

गाडीत तिने भीतभीत फोन चालू केला. वर्षभर कपाटात असलेल्या फोनची बॅटरी पूर्ण भरलेली होती. पाटसपर्यंत तिला एक अक्षरही गिरवता आलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा आई प्रार्थनेला गेली होती. त्याच कागदावर खाली आईचं अक्षर होतं.

"पेन हरवू नको. फोन दिवसा तुझा. पण घरी आलीस की मला देत जा. रोज रात्री त्यातला जोएलचा आवाज ऐकल्याशिवाय मला झोप येत न्हाई."