जाळ न पेटवलेलं दार

राजदूत साहेब,

तेरा ऑगस्टला, गेलेली माणसं घरी येतात त्या ओबोन सणाच्या पहिल्या संध्याकाळी सात वाजता, मी तुमच्या आत्म्याच्या स्वागताचा जाळ दारात पेटवला नाही. मुद्दामच.

सून कळवळली, "आई, बाबांना अंधारात घर कसं सापडणार?"

"जन्मभर जगाचे नकाशे वाचलेत त्यांनी. शोधू देत!"

सकाळीच तुमच्या खात्याचा गौरवग्रंथ आला होता. त्यात तुमचे सगळे करार आहेत. आपली पाच वर्षांची लेक मिओ गेली, तेव्हा वाटाघाटी सोडून तुम्ही आला नाहीत, ते मात्र नाही.

रागाच्या भरात मी विसरलेच, की त्याच उजेडात मिओही घरी येते. ती अंधाराला घाबरते.

येताना तिचा हात तुम्ही धरला होतात का? उद्या सोळा तारीख. तुम्हा दोघांच्या निरोपाचा जाळ पेटायच्या आत लेखी कळवा.

ताझुको