कादंबरीतली बारा वर्षांची मुलगी

जामसर, मंगळवार, संध्याकाळ

...आणि त्या सकाळी सुमनने मला उठवलंच नाही. तिच्या बाबांचं तेरावं उरकून पाहुणे आदल्या दिवशीच गेले होते. तिने पाणी भरलं, नागलीच्या भाकऱ्या केल्या, धाकट्याला आंघोळ घातली. माझ्यापुढे ताट ठेवून म्हणाली, "आई, खा. भाताच्या रोपांसाठी राबाची जमीन भाजायची राहिलीय. वारा पडला की दोघी भाजू." बारा वर्षांची होती.

ही जग बुडाल्यानंतरची कादंबरी तिनेच वाचायला दिली. त्यातली बारा वर्षांची मुलगी अख्खी वस्ती सांभाळते. आज फोनवर सुमन हसली. "एवढीशी पोर असं बोलते होय गं? लेखकाने आजीबाई बसवलीय तिच्यात."

वाचायला माझी मीच शिकले, ती शाळेत शिकवते. पुस्तकातलं तिला जास्त कळणार. पण त्या वयात ती स्वतः अशीच बोलायची, हे विसरली कशी?

मला ती मुलगी खरी वाटली. खटकलं एवढंच, की पुस्तकभर ती कुणाकडे काही मागत नाही. राबाचं बोलून झाल्यावर सुमनने फणी पुढे केली होती. वेणी तिची तिला येत नव्हती. माझ्याकडे पाठ करून बसली. लेखकाला ती फणी का नाही सुचली?

बाबा गेले तेव्हा मी काहीच कामाची नव्हते, असं सुमन अजून स्वतःबद्दल म्हणते. मनाला लावून घेते. मी नुसतं "नाही गं" म्हणते. एवढ्याने कुणाला पटतं?

बुधवार. सकाळच्या एसटीने जव्हारला सुमनकडे गेले आणि त्या सकाळचं सगळं तिला सांगितलं.